पूर, पूररेषा आणि विम्याचा हप्ता

(ओझर येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)

आज मी तुमच्यापुढे दोन गोष्टींविषयी बोलणार आहे. एक पूर आणि दुसरी विमा. पूर आपण सर्वांनी पाहिला आहे. विमा मात्र पुष्कळांनी नुसता ऐकला आहे. या दोहोंचा एकमेकांशी संबंध काय, असे तुम्ही मनात म्हणत असाल. संबंध फार जवळचा आहे. गावाने मिळून नदीची वाट मोकळी ठेवली, तर पुराचे नुकसान कमी होते. नुकसान कमी झाले, म्हणजे विम्याचा हप्ता कमी व्हायला जागा होते. आणि नदीच्या वाटेत गावच जाऊन बसले, तर हप्ता वाढतो, आणि ज्याने विमा घेतला नाही त्याचा संसार पाण्यात जातो.

हे कसे होते, ते आपण पायरी पायरीने पाहू.

नदीची दोन घरे

आपली बाणगंगा पाहा. उन्हाळ्यात तिच्या पात्रातून मुले चपला न काढता पलीकडे जातात. कुठे एखादा डोह, कुठे बंधाऱ्यामागे साठलेले पाणी, बाकी सगळे दगडगोटे. तेव्हा वाटते, एवढीशी ही नदी! पण आषाढ-श्रावणात वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला, म्हणजे तीच नदी काठ सोडून बाहेर येते.

तेव्हा ध्यानात ठेवा, नदीला दोन घरे असतात. एक उन्हाळ्याचे आणि एक पावसाळ्याचे. उन्हाळ्याचे घर लहान, ते डोळ्यांना दिसते. पावसाळ्याचे घर मोठे, ते आठ-दहा महिने रिकामे पडलेले असते. रिकामे दिसले म्हणून आपण त्यात शिरतो. कोणी टपरी टाकतो, कोणी कांद्याची चाळ बांधतो, कोणी दोन खोल्या काढतो. कोणी भराव घालून जागा सपाट करतो. मग एखाद्या वर्षी मालकीण घरी येते. आपण म्हणतो, "नदी घरात शिरली." खरे पाहता आपणच तिच्या घरात शिरलेलो असतो.

या पावसाळी घराला पूरक्षेत्र म्हणतात. पूरक्षेत्र सांभाळायचे म्हणजे नदीला भिंत घालायची असे नाही. तिच्या घरात काय असावे आणि काय नसावे, हे गावाने ठरवायचे आणि ठरवलेले पाळायचे. मळा असावा, मैदान असावे, बाजाराची मोकळी जागा असावी. झोपण्याची खोली, धान्याची कोठी आणि दवाखाना तिथे नसावा.

गोदावरीने शिकवलेला धडा

नाशिकला गोदाकाठी दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती पाहिली आहे. पूर आला की नाशिकची माणसे विचारतात, "पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आले?" गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, की गळ्यापर्यंत? तसेच नारोशंकराच्या देवळाची घंटा. पाणी घंटेला लागले, म्हणजे मोठा पूर. ही आपल्या वाडवडिलांची पूर मोजायची पट्टी होती. लिहिता-वाचता न येणारालाही ती वाचता येत असे.

१९६९ साली गोदावरीला फार मोठा पूर आला. त्यानंतर १९ सप्टेंबर २००८ रोजी मोठा पूर आला. पुढे २ ऑगस्ट २०१६ रोजी आणि पुन्हा ४ ऑगस्ट २०१९ रोजी. पहिल्या दोन पुरांत एकोणचाळीस वर्षांचे अंतर, आणि शेवटच्या दोहोंत अवघ्या तीन वर्षांचे. म्हणून "मोठा पूर आजोबांच्या काळी येत असे, आता धरण झाले आहे," असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. धरण लहान पूर अडवते. धरण भरलेले असताना वरून मोठा पाऊस आला, तर पाणी सोडण्यावाचून इलाज नसतो.

आपल्या निफाड तालुक्यातली सायखेडा आणि चांदोरी ही गावे घ्या. एकीकडून गंगापूर धरणाचे पाणी गोदावरीतून येते. दुसरीकडून दारणेचे पाणी तिला मिळते. खाली नांदूरमध्यमेश्वरला बंधारा आहे. तिथे कडवा नदीही येऊन मिळते. त्या बंधाऱ्यामागे शंभर वर्षांहून अधिक काळ गाळ साचत आला आहे. त्या पाणथळ जागेवर पक्षी येतात. २०२० साली तिला रामसर स्थळ म्हणून जगात मान मिळाला. पण वरच्या गावांना पुराचा फुगवटाही सोसावा लागतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बाजारपेठेत पाणी शिरले, की दुकानातली साखर, खत, कापड, औषधे सगळे एका रात्रीत मातीमोल होते.

हे केवळ आपल्याकडेच नाही. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथे ४५ फूट ही धोक्याची पातळी. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले. दुकानदार गाळ उपसत बसले. ज्यांचा विमा होता त्यांना काही तरी हाती आले. ज्यांचा नव्हता त्यांना पंचनाम्याच्या मदतीवर भागवावे लागले. सरकारी मदत ही मदत असते, भरपाई नसते. तिने चूल पेटते, पण दुकान पुन्हा भरत नाही.

निळी रेषा आणि लाल रेषा

आता पूररेषा म्हणजे काय ते पाहू. महाराष्ट्रात पाटबंधारे खात्याने, म्हणजे आताच्या जलसंपदा खात्याने, १९८९ पासून नदीकाठी दोन रेषा मानल्या आहेत. पहिली निळी रेषा. पंचवीस वर्षांत सरासरी एकदा येणारा पूर जिथवर पोचतो, तिथवर ती असते. दुसरी लाल रेषा. शंभर वर्षांत सरासरी एकदा येणारा पूर जिथवर पोचतो, तिथवर ती.

नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध. तिथे नवे घर बांधायचे नाही. बाग, शेती, खेळाचे मैदान चालेल. निळ्या आणि लाल रेषेच्या मधला पट्टा नियंत्रित. तिथे बांधकाम करायचे तर अटी पाळून, जोते उंच घेऊन.

इथे एक घोटाळा होतो, तो दूर करू. "पंचवीस वर्षांत एकदा" म्हणजे आज पूर आला की पुढची चोवीस वर्षे निवांत झोपावे, असे नाही. एक मडके घ्या. त्यात चोवीस पांढरे खडे आणि एक काळा खडा टाका. दर पावसाळ्यात डोळे मिटून एक खडा काढायचा आणि पुन्हा मडक्यात टाकायचा. काळा निघाला तर पूर. गेल्या वर्षी काळा निघाला होता म्हणून यंदा निघणार नाही, असे मडके कधी म्हणत नाही. मडक्याला आठवण नसते. नदीलाही नसते.

आता हिशेब करा. निळ्या रेषेवर घर बांधून माणूस तीस वर्षे राहिला, तर त्या तीस वर्षांत एकदा तरी पाणी घरात येण्याचा संभव दहांत सात इतका आहे. लाल रेषेवर राहिला, तर चारांत एक. दहांत सात म्हणजे जवळजवळ खात्रीच. मुलीचे लग्न ठरवताना आपण याहून कमी धोक्यालाही नाही म्हणतो. मग घर बांधताना का हो म्हणावे?

विम्याचा हप्ता कसा ठरतो

आता विमा. विमा म्हणजे सर्वांनी थोडे थोडे देऊन एकाचे मोठे नुकसान भरून काढणे. आपल्याकडे भिशी असते, तशातलाच प्रकार. फरक एवढाच की भिशीत पाळीने पैसे मिळतात, विम्यात ज्याच्यावर संकट आले त्याला मिळतात.

आपण एक काल्पनिक गाव घेऊ. पाटीवर आकडे मांडा.

गावात १०० घरे. पंचवीस वर्षांतून एकदा मोठा पूर येतो आणि २० घरांत पाणी शिरते. प्रत्येक घराचे १ लाख रुपये नुकसान होते. एकूण २० लाख. पंचवीस वर्षांवर वाटले तर दर वर्षाला ८० हजार. शंभर घरांनी मिळून वाटून घेतले तर प्रत्येक घराला वर्षाला ८०० रुपये. विमा कंपनी याच्यावर आपला खर्च आणि नफा लावणार. तो वेगळा.

आता दुसरा हिशेब. ऐंशी घरे म्हणाली, "आमच्याकडे पाणी येत नाही, आम्ही कशाला विमा घेऊ?" राहिली नदीकाठची २० घरे. तेच ८० हजार आता त्यांनीच भरायचे. म्हणजे प्रत्येकी ४,००० रुपये. नदीकाठी राहतो कोण? बहुधा गरीब. त्याला ४,००० झेपत नाहीत. तो विमा घेत नाही. मग पूर आला की तो कर्ज काढतो. म्हणून विमा जितक्या जास्त घरांनी घ्यावा, तितका तो स्वस्त पडतो.

आता तिसरा हिशेब, तो सर्वांत महत्त्वाचा. समजा, गावाने नाला मोकळा केला. नदीकाठची काही घरे वरच्या अंगाला हलवली, काहींची जोती उंच केली. आता त्याच पुरात २० ऐवजी फक्त ५ घरांत पाणी येते. नुकसान ५ लाख. वर्षाला २० हजार. शंभर घरांना प्रत्येकी २०० रुपये. कुठे ८०० आणि कुठे २००!

पाहा, यात कंपनीने उपकार केले नाहीत की सरकारने सूट दिली नाही. धोका कमी झाला म्हणून खर्च कमी झाला. हप्त्याची मुळी नुकसानात असते. मुळी छाटली की झाड आपोआप लहान होते.

अमेरिकेत गावाला गुण देतात

हा हिशेब अमेरिकेत प्रत्यक्ष चालतो. तिथे १९६८ साली सरकारने पुराच्या विम्याची योजना सुरू केली. पुढे पूरक्षेत्रात कर्ज काढून घर घेणाऱ्यास विमा सक्तीचा झाला. मग १९९० साली त्यांनी एक युक्ती काढली. आपण शाळेत मुलांना गुण देतो, तसे त्यांनी गावांना गुण द्यायला सुरुवात केली.

तिथे दहा इयत्ता आहेत, पण उलट्या. दहावीतले गाव सर्वांत खाली, त्याला सूट नाही. पहिलीतले गाव सर्वांत वर. दर ५०० गुणांना गाव एक इयत्ता वर चढते. आणि दर इयत्तेला गावातल्या पूरविम्याच्या हप्त्यात ५ टक्के सूट मिळते. पहिल्या इयत्तेला ४५ टक्के. म्हणजे शंभर रुपयांच्या हप्त्याला पंचावन्नच भरायचे.

गुण कशाला मिळतात? चार प्रकारच्या कामांना. लोकांना पुराची माहिती देणे. नकाशे करणे आणि बांधकामाचे नियम पाळणे. धोक्यातली घरे हलवणे, नाले साफ ठेवणे. आणि पुराची सूचना वेळेवर देणे. नदीकाठची जमीन मोकळी राखली, तर तिलाही चांगले गुण मिळतात. यात कोणावर सक्ती नाही. ज्या गावाला वाटेल त्याने भाग घ्यावा. पण एकदा वर चढले म्हणजे काम संपले असे नाही. तपासणी होते. नियम ढिले पडले तर गाव खाली उतरते.

तिथे टल्सा नावाचे शहर आहे. १९८४ च्या मे महिन्यात तिथे पूर येऊन १४ माणसे दगावली. त्या शहराने मनावर घेतले. पुराच्या वाटेतली शेकडो घरे पैसे देऊन विकत घेतली, पाडली आणि तिथे बागा व मैदाने केली. पाणी साठवायला तळी केली. हे काम वर्षानुवर्षे चालले. २०२२ साली त्या शहराने पहिली इयत्ता गाठली. आज तिथल्या घरमालकांना हप्त्यात ४५ टक्के सूट आहे. पण मला विचाराल तर सूट ही दुय्यम. चौदा माणसांच्या जिवाचे मोल कळलेले शहर शहाणे झाले, ही मोठी गोष्ट.

आपल्याकडे काय आहे

आता कोणी विचारील, "गुरुजी, हे सगळं अमेरिकेचं झालं. ओझरला काय?"

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर मी खरेच देणार आहे. आपल्या देशात गावाला गुण देऊन हप्त्यात सूट देणारी अशी योजना नाही. मग आपण हे का करायचे? तीन कारणे सांगतो.

पहिले कारण. कंपनी हप्ता ठरवताना धोका पाहते. विशेषतः दुकान, गोदाम, छोटा कारखाना यांचा विमा उतरवताना जागा कुठे आहे, पूर्वी पाणी आले होते का, माल जमिनीवर आहे की फळ्यांवर, हे विचारले जाते. वारंवार नुकसान झालेल्या जागेचा विमा महाग पडतो, किंवा कोणी घेत नाही. गावाने केलेल्या कामाचे कागद हातात असले, तर बोलणी करायला तोंड राहते.

दुसरे कारण. पुष्कळ विम्यांत नुकसानीचा काही भाग आपल्यालाच सोसावा लागतो. शिवाय दुकान बंद राहिले, म्हातारी माणसे आजारी पडली, याचे पैसे साध्या विम्यात मिळत नाहीत. ते नुकसान टाळणे हाच त्याचा विमा.

तिसरे कारण. उद्या आपल्याकडे अशी योजना निघाली, तर ज्या गावाजवळ नोंदी तयार असतील ते पहिल्या रांगेत बसेल.

आता विम्याची माहिती. १ एप्रिल २०२१ पासून आपल्याकडे घरासाठी 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी आहे. आग, वीज, भूकंप, वादळ आणि पूर हे सगळे तिच्यात येते. जमिनीची किंमत धरायची नाही, घर पुन्हा बांधायला जो खर्च येईल तो धरायचा. घराचा विमा उतरवला, की घरातल्या सामानाचा विमा घराच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत आपोआप येतो. त्याला दहा लाखांची मर्यादा आहे. लहान दुकानदार व कारागीर यांच्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' अशी पॉलिसी आहे.

दुकानदारांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. माल ४ लाखांचा आणि विमा २ लाखांचाच, असे केले तर नुकसान १ लाखाचे झाले तरी सुमारे निम्मेच हाती येतात. हप्ता वाचवायला किंमत कमी लिहिणे म्हणजे छत्री वाचवायला पावसात भिजणे होय.

ज्यांनी घरासाठी बँकेचे कर्ज घेतले आहे, त्यांनी आधी बँकेत विचारावे. कधी कधी बँकेने विमा उतरवलेला असतो आणि घरधन्याला पत्ताच नसतो. द्राक्षबाग आणि पिके यांचा विमा निराळा. त्याचे नियम हंगामागणिक बदलतात. ते त्या त्या वेळी कृषी कार्यालयात विचारून घ्यावेत, ऐकीव गोष्टीवर विसंबू नये.

ओझरने हे आधी करून दाखवले आहे

"गाव एकत्र येत नाही," अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. ओझरच्या माणसाने तरी ती करू नये. आपल्या घरातले उदाहरण आहे.

दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याच्या शेपटाला आपल्या भागातली शेते. शेपटाला पाणी पोचत नसे. वरचे घेत, खालचे वाट पाहत. तेव्हा बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने शेतकऱ्यांना एकत्र आणले. १९९१ च्या सुमारास महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर अशा तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. संस्थेने सरकारकडून पाणी मोजून घ्यायचे. आपसांत पाळीने वाटायचे. पाणीपट्टी आपणच गोळा करायची आणि भरायची. ओढ्या-नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत पाणी सोडून विहिरी जिवंत ठेवायच्या. पुढे सबंध वाघाड प्रकल्पाचे पाणी शेतकऱ्यांच्या संस्था सांभाळू लागल्या. दूरदूरची माणसे ते पाहायला ओझरला आली. २००५ साली राज्याने शेतकऱ्यांनी सिंचन सांभाळण्याचा कायदाच केला.

त्या संस्थांचे बळ कशात होते? तीन गोष्टींत. पाणी मोजले, नियम केला, वही लिहिली. मोजमाप, नियम आणि वही. टंचाईच्या पाण्याला ज्यांनी शिस्त लावली, त्यांना पुराच्या पाण्याची शिस्त लावता येणार नाही का? थोडे पाणी भांडण लावते, फार पाणी घर बुडवते. दोहोंना उपाय एकच, एकत्र बसणे.

गावाने करायची सहा कामे

आता मी कामे सांगतो. यातले एकही काम फार खर्चाचे नाही.

१. पूरखुणा करा. मागच्या पुरांत पाणी कुठवर आले होते, ते जाणत्या माणसांना विचारा. शाळेच्या, देवळाच्या, चावडीच्या भिंतीवर तेलरंगाने रेघ मारा आणि साल लिहा. रंगवलेली रेघ खोटे बोलत नाही, आणि विसरतही नाही.

२. पूररेषेचा नकाशा मागा. तुमच्या नदीची रेषा आखली असेल, तर तिचा नकाशा जलसंपदा खात्याकडून मिळवून चावडीवर लावा. आखली नसेल, तर ग्रामसभेत किंवा नगरसभेत ठराव करून मागणी करा. प्लॉट घेण्याआधी तो नकाशा पाहा. दलालाच्या तोंडाकडे पाहू नका.

३. मे महिन्यात नाले आणि मोऱ्या साफ करा. काढलेला गाळ काठावर ठेवू नका, पहिल्याच पावसात तो परत आत जातो. फरशी पुलाच्या नळ्यांत अडकलेले प्लास्टिक, द्राक्षाच्या काड्या, कांद्याची पात काढा. एक तुंबलेली मोरी सबंध आळी बुडवते.

४. घरात वर उचला. विजेचे मीटर, बटणे, धान्याची कोठी, शिलाई मशीन, कागदपत्रांची पेटी, जे उचलता येईल ते पूरखुणेच्या वर ठेवा. नवे घर बांधताना जोते त्या खुणेच्या वर घ्या.

५. सूचना देणारी माणसे नेमा. धरणातून किती पाणी सोडले ते क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर, म्हणजे दोन हंडे समजा. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला वीस हजार हंडे! असा आकडा ऐकला की तो नुसता आकडा राहत नाही. दर आळीला दोन माणसे ठरवा. त्यांनी फोनही करावा आणि दारेही ठोठवावीत. म्हातारी, आजारी आणि बाळंतीण कोणाच्या घरी आहे, हे त्यांना पाठ असावे.

६. वही आणि विमा. केलेल्या प्रत्येक कामाची तारीख, खर्च आणि फोटो एका वहीत ठेवा. मग वीस-पंचवीस घरांनी व दुकानांनी मिळून, ती वही घेऊन, दोन-तीन विमा कंपन्यांकडे जा आणि दर विचारा. एकटा माणूस दर विचारतो, तेव्हा त्याला दर सांगितला जातो. पंचवीस माणसे विचारतात, तेव्हा दरावर बोलणे होते. पॉलिसीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि तिचा फोटो गावाबाहेरच्या नातेवाईकाकडे पाठवून द्या. पूर आलाच, तर कंपनीला लगेच कळवा. फोटो काढल्यावाचून आणि सर्व्हेअरने पाहिल्यावाचून भिजलेला माल फेकू नका.

एक अवघड प्रश्न

आता शेवटचे आणि अवघड. ज्याचे घर आजच निळ्या रेषेच्या आत आहे, त्याचे काय? त्याला सोप्या तोंडाने "हल इथून" म्हणायचे का?

नाही. तो तिथे हौसेने राहायला गेला नाही. वरची जागा महाग, खालची स्वस्त, म्हणून गेला. त्याला गुन्हेगार ठरवून गाव मोकळे होत नाही. गावठाणात जागा मिळवून देणे, घरकुलाच्या यादीत त्याचे नाव घालणे, मुलांची शाळा तुटणार नाही हे पाहणे, ही गावाची जबाबदारी आहे. तोवर त्याच्या घराचे जोते उंच करायला आणि पहिल्या वर्षाचा हप्ता भरायला आळीने हातभार लावावा. मघाचा हिशेब आठवा. नदीकाठची काही घरे हलली, काहींची जोती उंच झाली, म्हणून ऐंशी घरांचाही हप्ता उतरला. ज्याचा फायदा ऐंशींना, त्याचा खर्च विसांनीच करावा, हा न्याय नव्हे.

पण जो ऐपत असून नदीच्या घरात भराव घालतो, गाळे काढतो आणि विकून मोकळा होतो, त्याला मात्र ग्रामसभेत उभे राहून विचारा. त्याने घातलेल्या भरावाचे पाणी आपल्या घरात येते. इथे गप्प बसणे म्हणजे त्याचा हप्ता आपण भरणे होय.

बंधुभगिनींनो, तुम्ही या वर्गात अक्षरे शिकलात. आता नकाशा वाचा, पॉलिसी वाचा, भिंतीवरची रेघ वाचा. सही करण्याआधी कागद वाचणारा माणूस सहसा बुडत नाही. आणि एकमेकांना वाचून दाखवणारे गाव तर नाहीच.

पावसाळा तोंडावर आहे. येत्या रविवारी सकाळी कुदळ-फावडे घेऊन नाल्यावर जमू. तेलरंगाचा एक डबा मी आणतो. खुणा कुठे करायच्या, ते तुम्ही सांगा.

विचार करा आणि सांगा

१. नदीची दोन घरे कोणती?
२. निळ्या रेषेत काय चालते आणि काय चालत नाही?
३. शंभर घरांच्या गावात हप्ता ८०० वरून २०० कसा झाला? पाटीवर हिशेब मांडून दाखवा.
४. तुमच्या आळीत पाणी कुठवर आले होते? घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना विचारून साल लिहा.
५. तुमच्या घराचा विमा आहे का? असल्यास पॉलिसी वर्गात आणून मोठ्याने वाचा.